५८० व्होल्ट ठेवायचे कुठे? इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन खिशात आणण्याची साठ वर्षं

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज हेडफोनच्या एका जातीचा इतिहास बघायचाय.

आता हाच विषय का? तर फोनवर गाणी ऐकायला काहीतरी दमदार घ्यावं म्हणून शोधाशोध सुरू केली, की दोन-चार रात्रींत माणूस हमखास 'इलेक्ट्रोस्टॅटिक' या शब्दापाशी येऊन थांबतो. लोक त्याचं इतकं कौतुक करत असतात की आपल्यालाही वाटतं, एकदा घ्यावाच. मग किंमत दिसते आणि डोळे पांढरे होतात. तरीही कुणी बचत करतं, कुणी बोनसची वाट बघतं. आणि शेवटी प्रश्न येतो तो असा: "कुठला हेडफोन घेऊ? आणि त्याला केबल कुठली लावू?"

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न उलट्या टोकाने धरला पाहिजे. हेडफोन कुठला, हे नंतर. आधी हे बघा, की त्याला लागणारे शेकडो व्होल्ट ठेवायचे कुठे? गेली साठ-पासष्ट वर्षं कंपन्या याच एका प्रश्नाची उत्तरं देतायत. कुणी ते व्होल्ट घरातल्या पेटीत ठेवले, कुणी डोक्यावर, कुणी प्लॅस्टिकमध्ये गोठवून बघितले, कुणी खिशात बसवले. प्रत्येक उत्तरात काहीतरी मिळालं आणि काहीतरी सोडावं लागलं. हे देणं-घेणं कळलं, की तुमचा निर्णय निम्मा झालाच म्हणून समजा.

चुंबक फुकट, व्होल्ट विकत

आधी थोडं विज्ञान, पण बारावीच्या पलीकडे जाणार नाही.

तुमच्या साध्या इअरफोनमध्ये एक चुंबक असतो, एक बारीक कॉइल असते आणि कॉइलला चिकटवलेला पडदा असतो. गाण्याचा करंट कॉइलमधून गेला, की चुंबक तिला मागे-पुढे ढकलतो, पडदा हलतो, आवाज येतो. यात चुंबकाचं क्षेत्र कायम हजर असतं. त्याला बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही. एकदा कारखान्यात चुंबकित केला की झालं.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबकही नाही आणि कॉइलही नाही. दोन छिद्रं असलेल्या धातूच्या प्लेट, आणि त्यांच्या मधोमध ताणून बसवलेली प्लॅस्टिकची फिल्म. आजच्या चांगल्या हेडफोनमध्ये ही फिल्म एक-दोन मायक्रॉन जाड असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे अंदाज घ्या. या फिल्मवर कायमचा विद्युतभार ठेवायचा, याला 'बायस' म्हणतात. मग दोन्ही प्लेटवर गाण्याचा सिग्नल उलटसुलट द्यायचा. एक प्लेट फिल्मला ओढते, तेव्हा दुसरी ढकलते. फिल्म हलकी, तिला कॉइलचं ओझं नाही आणि बळ सगळ्या पृष्ठभागावर सारखं लागतं. म्हणून तबल्याच्या बोलाची सुरुवात किंवा गायकाचा श्वास इतका सुटा ऐकू येतो. कौतुक होतं ते याचंच.

पण चुंबक जे काम फुकट करत होता, ते आता व्होल्टेजने करायचंय. आणि व्होल्टेज फुकट मिळत नाही.

आकडेच बघा. ३२ ओहमच्या इअरफोनला एक मिलिवॉट द्यायला ०.२ व्होल्टही लागत नाही. आजच्या स्टॅक्स कंपनीच्या हेडफोनच्या माहितीपत्रकात काय लिहिलेलं असतं? १०० व्होल्ट दिल्यावर साधारण १०१ डेसिबल. शिवाय बायसचे ५८० व्होल्ट वेगळे. तुमच्या फोनला लावायचा छोटा डोंगल देतो जेमतेम एक व्होल्ट. म्हणजे मध्ये कुणीतरी सिग्नल शंभरपट करणारा हवाच. तो मधला गडी म्हणजे 'एनर्जायझर' किंवा खास ॲम्प. त्याच्याशिवाय हा हेडफोन मुका.

पहिलं उत्तर: पेटी घरात ठेवा

तत्त्व जुनंच होतं. १९१६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड वेंटे यांनी कंडेन्सर मायक्रोफोन बनवला, तो याच तत्त्वाचा उलटा प्रकार. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या 'क्वाड' कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. तो दिवाणखान्यात उभा राहायचा आणि भिंतीतल्या प्लगवर चालायचा, त्यामुळे व्होल्टची चिंता नव्हती.

हे कानावर आणलं जपानच्या स्टॅक्सने. १९३८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी ग्रामोफोनसाठी कंडेन्सर पिकअप बनवायची. तिने १९५९ मध्ये 'एसआर-१' तयार केला आणि १९६० मध्ये तो विकायला काढला. तो जगातला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन मानला जातो. गंमत म्हणजे कंपनी त्याला हेडफोन म्हणतच नाही. आजही तिचा शब्द आहे 'इअरस्पीकर', कानाचा स्पीकर.

एसआर-१ सोबत एक डबा यायचा. तो घरच्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारांना जोडायचा. डब्यातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवून हेडफोनला द्यायचा. म्हणजे हेडफोन डोक्यावर, डबा टेबलावर, डब्यामागे मोठा ॲम्प आणि त्यामागे घराची वीज. आवाज सुंदर, पण वायर पुरेल तेवढंच तुमचं जग.

दुसरं उत्तर: डोक्यावरच ठेवा

अमेरिकेत मिलवॉकीची कॉस कंपनी १९५८ पासून स्टिरिओ हेडफोन विकत होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'ईएसपी-६' नावाचा इलेक्ट्रोस्टॅटिक काढला. त्यांनी विचार केला, की डबा नकोच. ट्रान्सफॉर्मर थेट कानाच्या वाट्यांमध्ये बसवायचे आणि बायसही गाण्याच्या सिग्नलमधूनच तयार करायचा.

कल्पना झकास. पण ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं. ते दोन्ही कानांवर घेऊन बसायचं, म्हणजे मानेला व्यायामच. पुढच्या 'ईएसपी-९' मध्ये कॉसने मुकाट्याने ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवले. व्होल्ट डोक्यावर नेता येतात, पण त्यांचं वजन मान उचलते, हा धडा तेव्हाच मिळाला.

तिसरं उत्तर: व्होल्ट गोठवून टाका

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. १९५७ मध्ये जेम्स वेस्ट नावाचा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत बेल लॅब्जमध्ये कामाला लागला. तिथे संशोधन चाललं होतं ते माणसाच्या श्रवणाचं: दोन कानांना आवाज किती थोड्या फरकाने आला तर तो कळतो? त्या प्रयोगाला चांगले हेडफोन हवे होते, म्हणून वेस्टने पातळ प्लॅस्टिक फिल्मचे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बनवले. त्यांना उच्च दाबाची बॅटरी जोडलेली होती.

काही काळाने त्यांचा आवाज पडायला लागला. का पडतोय हे शोधता शोधता लक्षात आलं, की फिल्म स्वतःच विद्युतभार धरून ठेवतेय. इतकी, की बॅटरी काढून घेतली तरी हेडफोन वाजतोय! चुंबकात जसं चुंबकत्व मुरतं, तसा प्लॅस्टिकमध्ये भार मुरला होता. अशा पदार्थाला 'इलेक्ट्रेट' म्हणतात. पुढे वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी १९६२ मध्ये यातून फिल्मचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन घडवला. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं, इअरफोनच्या वायरीवरचा माइक, सगळीकडे नंतर अनेक दशकं तोच दिसतो. म्हणजे बघा, तुम्ही वायरवरच्या ज्या माइकमध्ये "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत आलात, त्याचा जन्म एका हेडफोनच्या दुखण्यातून झाला.

मग हेडफोनचाही प्रश्न सुटला असेल ना? अर्धाच सुटला. १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांनी इलेक्ट्रेट हेडफोन भरपूर काढले, खुद्द स्टॅक्सनेही 'एसआर-४०' काढला. बायसचे व्होल्ट गोठवता आले, पण सिग्नलचे व्होल्ट कोण देणार? माइकचं काम फक्त आवाज टिपायचं, हेडफोनला हवा हलवायची असते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा डबा राहिलाच. माइक खिशात गेला, हेडफोन टेबलाशी बांधलेला राहिला.

१ जुलै १९७९

या तारखेला सोनीने जपानमध्ये वॉकमन विकायला आणला. मॉडेल टीपीएस-एल२, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, सोबत हलकाफुलका स्पंजचा हेडफोन. तो हलका कशामुळे? सोनीने त्यात वापरला छोटा पण ताकदवान समॅरियम-कोबाल्ट चुंबक. नंतर १९८०च्या दशकात त्याहून जोरदार निओडिमियम चुंबक आले आणि डायनॅमिक हेडफोन आणखी लहान झाले.

चालता चालता ऐकण्याची शर्यत चुंबकाने जिंकली ती आवाजामुळे नव्हे. त्याला मागे डबा ओढावा लागत नव्हता, म्हणून.

आणि त्याच काळात स्टॅक्स काय करत होती? उलट्या दिशेने चालली होती. १९८२ च्या 'लॅम्डा प्रो' पासून तिने बायस २३० व्होल्टवरून ५८० व्होल्टवर नेला. हे २३० म्हणजे आपल्या घरच्या विजेचाच आकडा, फरक इतकाच की बायस डीसी असतो आणि त्यातून करंट अगदी नगण्य वाहतो. जुन्या प्लगला सहा पिन, नव्या 'प्रो' प्लगला पाच. सहा पिनांचा प्लग पाचच्या सॉकेटमध्ये जातच नाही, म्हणजे जुन्या हेडफोनवर चुकून ५८० व्होल्ट जायची भीती नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. जाहिरातीतला फोटो मोठा करून आधी पिन मोजा, हेडफोनचा रंग नंतर बघा.

चौथं उत्तर: खिशात बसवा

१९९०चं दशक विचित्र होतं. एकीकडे सेनहायझरने १९९१ मध्ये 'ऑर्फियस' काढला, व्हॉल्वच्या ॲम्पसकट, जेमतेम तीनशे संच. दुसरीकडे कॉसच्या 'ईएसपी/९५०' सोबत मोठे सेल घालायची बॅटरी-पेटी मिळत होती. खिशात नाही, पण निदान बॅगेत.

खरी उडी स्टॅक्सने मारली, दशकाच्या मध्यावर. 'एसआर-००१' हा कानाच्या तोंडाशी बसणारा चिमुकला इलेक्ट्रोस्टॅटिक, आणि सोबत पाकिटाएवढा एनर्जायझर. तोही दोन पेन्सिल सेलवर चालायचा, वॉकमनसारखाच! पण त्याचा प्लग छोटा आणि वेगळा होता. तो घरच्या मोठ्या ॲम्पला लागत नव्हता. पुढे त्याच जातीचा 'एसआर-००३' पाच पिनांच्या प्लगसह आला, तो मोठ्या ॲम्पला लागतो. दिसायला भावंडं, पण स्वभाव वेगळा.

या धडपडीच्या काळातच १९९५ मध्ये कंपनी बंद पडली. १९९६ मध्ये कर्मचाऱ्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि २०११ मध्ये चीनच्या एडिफायरने विकत घेतली.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या शुअरने 'केएसई१५००' आणला. हा कानात घट्ट बसणारा, बाहेरचा गोंगाट अडवणारा इलेक्ट्रोस्टॅटिक होता. स्टॅक्सचे छोटे इअरस्पीकर उघडे असतात, शेजारच्याला तुमचं गाणं ऐकू जातं आणि तुम्हाला त्याचा फोनकॉल. शुअरने तो प्रश्न सोडवला, आणि फोनमधून थेट डिजिटल सिग्नल घेणारा ॲम्प सोबत दिला. किंमत २,९९९ डॉलर. बायस ठेवला २०० व्होल्ट, प्लग स्वतःचा वेगळा, बॅटरी ॲम्पच्या आत बंद. नंतर स्टॅक्सनेही 'एसआरएम-डी१०' हा बॅटरीवरचा ॲम्प काढला, ज्याला तिचे पाच पिनांचे मोठे हेडफोन लागतात. खिशात मावतो म्हणायला, पण एका चार्जमध्ये दिवस काही निघत नाही, काही तासच चालतो.

आता केबल

केबलबद्दल इतकं उशिरा बोलतोय, कारण वरचं सगळं माहीत असल्याशिवाय ती कळत नाही.

साध्या इअरफोनला केबल घेताना लोक तांबं की चांदी, जाड की बारीक, यावर भांडतात. तिथे निदान मुद्दा तरी आहे, कारण इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो आणि केबलचा अर्धा ओहम त्याच्यासमोर दिसतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन हा मुळात एक कॅपॅसिटर आहे. केबलसकट साधारण १०० पिकोफॅरडचा. गणित करून बघा: २० हजार हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ८० हजार ओहम येतो, आणि १ हजार हर्ट्झला तब्बल १६ लाख. त्याच्यापुढे केबलचा अर्धा ओहम काय करणार? तांब्याच्या जागी चांदी घालून तुम्ही समुद्रातून एक तांब्या पाणी कमी करता, बस.

इथे महत्त्वाची आहे ती केबलची स्वतःची कॅपॅसिटन्स. दोन तारा शेजारी-शेजारी धावल्या की त्याही कॅपॅसिटर होतात. जितक्या जवळ, जितक्या पिळलेल्या, जितक्या लांब, तितकी कॅपॅसिटन्स जास्त. ती हेडफोनच्या कॅपॅसिटन्समध्ये मिळवली जाते. म्हणून तर स्टॅक्सची केबल चपटी, रुंद, पट्टीसारखी असते. ती फॅशन नाही, तारा एकमेकींपासून लांब ठेवायची युक्ती आहे. समजा हौसेने वेणीसारखी विणलेली, दिसायला देखणी केबल लावली आणि १०० पिकोफॅरड वाढले. तर वरच्या सुरांना ॲम्पने दुप्पट करंट द्यायचा. घरच्या मोठ्या ॲम्पला कदाचित जमेल. पण बॅटरीवरच्या छोट्या ॲम्पकडे नेमका करंटच कमी असतो. म्हणजे पोर्टेबल सेटअपमध्ये महागडी केबल सुधारणा करण्याऐवजी नुकसान करू शकते. एक्स्टेन्शन केबलचंही तेच.

दुसरं, इन्सुलेशन. या तारांमधून शेकडो व्होल्ट जातात. बायसच्या वाटेत सहसा काही मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे तिथला करंट मायक्रोॲम्पमध्ये राहतो, पण प्लेटच्या तारांना तेवढं संरक्षण असेलच असं नाही. केबल कुठे चिरली असेल, आतली तार दिसत असेल, तर टेप लावून वापरू नका आणि घरी सोल्डरिंगही करू नका. जाणकाराकडे द्या, नाहीतर केबल बदला.

आणि फोन ते ॲम्प ही केबल? तिथे कमी दाबाचा किंवा डिजिटल सिग्नल असतो. साधी, आखूड, नीट बसणारी यूएसबी केबल पुरे. तिथे पैसे घालवू नका.

मग निवडायचं कसं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलीही नवी लायब्ररी घेण्याआधी तिची डिपेंडन्सी बघतो. उद्या ती कुणी सांभाळली नाही, तर आपलं काय? इथेही तेच बघायचं. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन एकटा कधीच येत नाही. ॲम्प मेला की तोही गप्प.

म्हणून पहिला प्रश्न: प्लग कुठला? पाच पिनांचा 'प्रो' प्लग ५८० व्होल्टसाठी चाळीसहून अधिक वर्षं चालत आलाय. उद्या छोट्या ॲम्पची बॅटरी दमली, तरी हेडफोन घरच्या दुसऱ्या ॲम्पवर वाजेल. स्वतःचाच वेगळा प्लग असलेला संच कितीही गोड वाजला, तरी तो जोडप्याने जगतो आणि जोडप्यानेच मरतो. सेकंडहँड घेताना तर ॲम्पची बॅटरी बदलता येते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा प्रश्न: ऐकणार कुठे? लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसच्या गर्दीत उघडा इअरस्पीकर म्हणजे पैशांची माती. गोंगाटात आवाज वाढवाल आणि कानाचं वाटोळं कराल. हॉटेलची खोली, गावचं घर, रात्रीची गच्ची, अशा ठिकाणांसाठी 'पोर्टेबल' घेत असाल, तर गोष्ट वेगळी. आणि आपल्या पावसाळ्याचा विचार करा. दमट हवेत, घामात बायसचा भार फिल्मवर नीट टिकत नाही, एका बाजूचा आवाज पडू शकतो. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा ही या हेडफोनची खरी ॲक्सेसरी.

तिसरा प्रश्न: खोक्यावरचं नाव नक्की काय सांगतंय? २०२२ मध्ये 'स्टॅक्स स्पिरिट एस३' नावाचा ब्लूटूथ हेडफोन आला. नाव स्टॅक्स, पण आत प्लॅनर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाचाच प्रकार. त्यात वाईट काही नाही, फक्त तो इलेक्ट्रोस्टॅटिक नाही. तसंच काही महागड्या इअरफोनवर 'ईएसटी ड्रायव्हर' लिहिलेलं असतं. त्यात फक्त सगळ्यात वरच्या सुरांसाठी छोटा इलेक्ट्रेट असतो, आणि त्याचा इवलासा ट्रान्सफॉर्मर इअरफोनच्या आतच बसवलेला. थेट फोनला लागतो, वेगळा ॲम्प नको. बाकीचं गाणं मात्र नेहमीचे ड्रायव्हर वाजवतात.

गंमत लक्षात आली? वेस्टचा गोठवलेला भार आणि कॉसचा कानावरचा ट्रान्सफॉर्मर, ही दोन जुनी उत्तरं एकत्र येऊन पुन्हा कानात शिरली. फक्त यावेळी काम एवढं छोटं मागितलं, की ते झेपलं.

पूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिकला मात्र आजही तो मधला गडी लागतोच. त्याला सोबत घेऊन फिरायची तुमची तयारी असेल, तर जरूर घ्या. आधी कुणाकडे तरी तासभर ऐका, प्लग बघा, बॅटरी विचारा, मग पैसे काढा. आणि तयारी नसेल, तर चुंबकवाला चांगला इअरफोन घेऊन उरलेल्या पैशांत मैफिलींची तिकिटं काढा. तिथेही तबला सुटा ऐकू येतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आवाज बेताचा ठेवून.